सांधलेल्या गुडघ्याचे उत्तरायुष्य



वसंतातल्या या व्याख्यानांत इतिहासाचा विषय जाहीर झाला की गड, लढाया आणि राजकारणे ऐकावयाच्या तयारीने मंडळी येतात. मी आज आपणांपुढे गुडघा घेऊन आलो आहे. सबंध गुडघासुद्धा नव्हे; त्याच्या पोटात असलेली सुमारे सव्वा इंच लांबीची एक दोरी, आणि ती तुटून सांधल्यानंतर त्या गुडघ्याचे पुढे काय होते, एवढाच विषय. मी डॉक्टर नाही. औषधोपचार सांगण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला एक सवय असते: कोणी ‘हे काम फत्ते झाले’ असे म्हणाले की तो विचारतो, हे किती वर्षांनी ठरवले? या एका प्रश्नामुळेच मी या विषयात ओढला गेलो.

निमित्त घरगुती होते. आमच्या शेजारच्या वाड्यातला एक बावीस वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. चढाईवरून परतताना पाय जमिनीत रुतला, अंग वळले आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. तो आवाज शेजारच्या गड्यानेही ऐकला म्हणे. पुढे तपासण्या झाल्या, लिगामेंट तुटल्याचे निघाले, शस्त्रक्रिया झाली. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याचे वडील आनंदात होते. “डॉक्टर म्हणाले, आता अगदी पहिल्यासारखा होईल. वर्षाने मैदानात!” मुलगा मात्र माझ्याकडे पाहून म्हणाला, “काका, आणि पन्नाशीत?” वडिलांनी त्याला गप्प केले. मला तो प्रश्न वडिलांच्या उत्तरापेक्षा शहाणा वाटला. त्याचे उत्तर शोधताना माझ्या ध्यानात आले की, हा प्रश्न वैद्यकाला स्वतःला पडावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली आहेत.

आधी गुडघ्याची रचना थोडक्यात सांगतो. मांडीचे हाड वरून येते, नडगीचे खालून. दोन्हींच्या टोकांना गुळगुळीत कूर्चेचा लेप असतो. ही हाडे एकमेकांत अडकलेली नसतात, नुसती एकावर एक टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरतात ते अस्थिबंध, म्हणजे आपण ज्यांना लिगामेंट म्हणतो ते. दोन बंध दोन्ही बाजूंना, आणि दोन अगदी आत, फुलीसारखे एकमेकांस छेदून गेलेले. त्या फुलीतला पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा आवरून धरतो. खेळाडूंच्या तोंडी ‘एसीएल’ म्हणून असतो तो हाच. शिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात, आपण गादीच म्हणू. या गाद्या ध्यानात ठेवा. दोरीच्या कथेत सुरुवातीला त्यांना कोणी विचारणार नाही, आणि शेवटी त्याच साऱ्या कथेचा ताबा घेणार आहेत.

आपल्याकडे सुश्रुताने स्नायूंचे, म्हणजे बांधून ठेवणाऱ्या तंतूंचे, वर्णन करताना नावेचा दृष्टान्त दिला आहे. फळ्या पुष्कळ दोऱ्यांनी नीट आवळल्या की नाव पाण्यात भार वाहते, तसे सांधे या बंधांनी आवळले की शरीर भार वाहते. हाडाला किंवा शिरेला इजा झाली तर होत नाही इतकी हानी स्नायूच्या इजेने होते, असेही तो म्हणतो. यावरून सुश्रुत गुडघ्याच्या दोऱ्या सांधत असे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसे त्याने कोठेही म्हटलेले नाही. निरीक्षण मात्र पक्के आहे. रोमन साम्राज्यात पर्गमम येथे झुंजणाऱ्या मल्लांवर उपचार करणाऱ्या गॅलेननेही या फुलीच्या बंधांचे वर्णन करून ठेवले. पुढे दीड हजारांहून अधिक वर्षे त्यात फारशी भर पडली नाही.

खरी हालचाल एकोणिसाव्या शतकात झाली. १८३६ साली जर्मनीत वेबर बंधूंनी माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. एक बंधू पदार्थवैज्ञानिक, दुसरा शरीरज्ञ. फुलीतला बंध कापला की नडगी पुढेमागे सरकू लागते, हे त्यांनी नोंदवले. १८४५ मध्ये फ्रान्सच्या लिओं शहरातल्या अमेदे बॉने याने बंध तुटल्याची लक्षणे सांगितली: तुटतानाचा आवाज, सांध्यात भरणारे रक्त, आणि पायाचे काम बंद पडणे. आमच्या शेजारच्या मुलाचे वर्णन यापेक्षा वेगळे काय होते? बॉनेने आणखी एक गोष्ट सांगितली. सांधा फार दिवस बांधून निश्चल ठेवला तर तो त्यानेच बिघडतो, लवकर हलवावा. हा सल्ला पुढे जग विसरले आणि रोगी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पडून राहिले.

आता आपण इंग्लंडातल्या लीड्स शहरी जाऊ. साल १८९५. कोळशाच्या खाणीत काम करणारा एक चाळिशीतला मजूर आर्थर मेयो रॉब्सन या सर्जनकडे आला. कित्येक महिन्यांपूर्वी खाणीत माती अंगावर कोसळून त्याचा गुडघा निखळला होता. तो पायावर भरवसा ठेवू शकत नव्हता. खाणकामगाराला पायावर भरवसा ठेवता येत नसेल तर त्याच्या घरी चूल पेटत नाही, हे वेगळे सांगावयास नको. रॉब्सनने गुडघा उघडला. फुलीतले दोन्ही बंध तुटलेले दिसले. त्याने ते आतड्याच्या दोऱ्याने शिवले. फुलीचे बंध शिवल्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मानली जाते.

मला मात्र त्या शिवणापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. रॉब्सनने हे वृत्त लगेच छापले नाही. ते त्याने १९०३ साली, म्हणजे आठ वर्षांनी प्रसिद्ध केले आणि मजुराच्या पायाची मधल्या वर्षांतली हकीकत त्यात दिली. मजूर खाणीत कामावर परतला होता, पाय बळकट आहे असे सांगत होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे टाके काढण्याच्या दिवशी ठरत नाही, मजूर पुन्हा खाणीत उतरला की नाही यावर ठरते, हे या माणसाला उमगले होते. पण रोगी एकच. एका मजुराच्या साक्षीवर शास्त्र उभे राहत नाही.

जाता जाता एक योगायोग सांगतो. त्याच १८९५ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीत रोंटगेनला क्ष-किरण सापडले. गुडघा शिवण्याची विद्या आणि त्या शिवलेल्या गुडघ्याच्या आत पुढे काय चालले आहे हे दाखवणारा प्रकाश, दोन्ही एकाच वर्षीची अपत्ये. पण त्यांची गाठ पडावयास अर्धे शतक जावे लागले.

शिवण्यावर सगळ्यांचा विश्वास नव्हता. रॉबर्ट जोन्स हा ब्रिटनच्या अस्थिशल्याचा त्या काळचा अध्वर्यू. १९१६ च्या सुमारास त्याचे मत असे की, हे बंध शिवणे व्यर्थ आहे. निसर्ग जो व्रण धरील तोच खरा. तुटलेल्या बंधाची टोके पिंजलेल्या सुतळीसारखी होतात, हे पाहिले म्हणजे त्याच्या म्हणण्यातले तथ्य पटते. यातून वाट काढली ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌जने. जुनी दोरी शिवता येत नाही ना, मग नवी घाला. मांडीच्या बाहेरच्या अंगाला चिवट पडद्यासारखा एक पट्टा असतो. त्याची पट्टी सोडवून, हाडात बोगदे पाडून, जुन्या बंधाच्या वाटेने ती त्याने ओवली. हे १९१७ साली. आज जगभर जी शस्त्रक्रिया होते तिची कल्पना मुळात हीच आहे. पट्टी कोठून घ्यावी आणि बोगदा नेमका कोठे पाडावा, यांवरच पुढची शंभर वर्षे वाद झाले. हे ग्रोव्ह्‌जने १९२० मध्ये आपले चौदा रोगी एकत्र मांडून निकाल सांगितला. चौदा ही संख्या आपणांस लहान वाटेल. पण एका रोग्याची गोष्ट सांगणे निराळे आणि सगळ्यांचा हिशेब देणे निराळे.

आता गाद्यांकडे वळू. इथे आपल्या कथेतला सर्वांत शोचनीय अध्याय आहे.

१८८३ साली एडिंबरोच्या थॉमस ॲनंडेलने एका खाणकामगाराची सरकलेली गादी जागेवर आणून टाके घालून बसवली होती. गादी वाचवावी असे त्याला का वाटले असेल? बहुधा देवाने दिलेली वस्तू उगाच काढू नये, एवढीच साधी बुद्धी. पण थोड्याच वर्षांत लंडनचा प्रख्यात सर्जन ब्लँड-सटन याने आपल्या ग्रंथात लिहून टाकले की, या गाद्या म्हणजे पायाच्या एका जुन्या स्नायूचे निकामी झालेले अवशेष आहेत. झाले. मोठ्या माणसाने ‘निकामी’ म्हटले की लहान माणसांच्या हाती कात्री येते. पुढची साठ-सत्तर वर्षे गुडघ्यात काही दुखले, अडकले, की गादी समूळ काढून टाकण्याची रीत पडली. स्कॉटलंडच्या स्मायलीचा गुडघ्याच्या इजांवरचा ग्रंथ १९४६ साली निघाला. तो पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वाचला, आणि त्याचाही कल गादी अर्धवट न ठेवता पुरती काढण्याकडेच होता. रोग्याला लगेच आराम पडे. तो हात जोडून घरी जाई. सर्जनच्या वहीत ‘बरा झाला’ अशी नोंद होई. रोगीही खोटे बोलत नव्हता, सर्जनही नाही; खोटे बोलत होती ती मुदत.

दोघांनी मात्र पुढे पाहिले. अमेरिकेतल्या डॉन किंगने १९३६ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की, गादी जितकी अधिक काढावी तितकी हाडावरची कूर्चा अधिक खराब होते. कुत्र्यांचे कोण मनावर घेतो! मग १९४८ साली इंग्लंडात फेअरबँकने एक साधे पण चिकाटीचे काम केले. गादी काढलेल्या माणसांना त्याने पुन्हा बोलावले आणि त्यांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. त्यांत तीन खुणा पुन्हापुन्हा दिसल्या: हाडाच्या कडेला फुटलेला कंगोरा, मांडीच्या हाडाचा चपटा झालेला गोलावा, आणि दोन हाडांमधली कमी झालेली जागा. म्हणजे ‘निकामी’ गादी रोज भार वाटून देत होती. ती गेल्यावर तो भार कूर्चेच्या लहानशा जागेवर पडू लागला आणि जागा झिजू लागली. फेअरबँकचे लिखाण काही पानांचेच आहे, पण गुडघ्याच्या दीर्घ आयुष्याचा इतिहास मला तेथून सुरू झालेला दिसतो. तरीही गाद्या काढणे पुढे वीसपंचवीस वर्षे सर्रास चालू राहिले. छापलेले वाचले जाते. वाचलेले अंगवळणी पडावयास मात्र एक पिढी निवृत्त व्हावी लागते.

दोरी तुटलेल्या गुडघ्यात गादीही फार वेळा फाटलेली असते. कधी इजेच्या क्षणीच. कधी पुढे, डळमळत्या गुडघ्याने चालताना गादी दोन हाडांत चिरडून. म्हणून दोरी सांधणारे आणि गादी कापणारे हात बहुधा एकाच माणसाचे असत. एका हाताने बंध घालावयाचा आणि दुसऱ्या हाताने बंधाचे आयुष्य ज्यावर अवलंबून, ती गादी काढून बादलीत टाकावयाची, असा हा प्रकार होता.

विसाव्या शतकाच्या मध्यावर गुडघा खाणीतून मैदानावर आला. संडरलँडचा ब्रायन क्लफ हा इंग्लिश फुटबॉलमधला विलक्षण गोल करणारा खेळाडू. दोनशे चौऱ्याहत्तर लीग सामन्यांत दोनशे एक्कावन गोल. २६ डिसेंबर १९६२ रोजी गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्याचे बंध तुटले. वय सत्तावीस. पुढे जेमतेम तीन सामने खेळला आणि संपला. खेळाडू म्हणून संपला, असे म्हणावयाचे. प्रशिक्षक म्हणून त्याने पुढे १९७९ आणि १९८० साली नॉटिंगहॅम फॉरेस्टला युरोपीय चषक मिळवून दिले. त्या अपघातानंतर वर्षभरात, १९६३ साली, अमेरिकेच्या केनेथ जोन्सने वाटीखालच्या कंडरेची मधली पट्टी हाडाच्या तुकड्यासकट घेऊन बंध घडवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढील दशकांत ती सुधारून जगभर पसरली. क्लफला तिचा उपयोग नव्हता.

पण शिवणवाले अजून हरले नव्हते. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथे लष्करी अधिकारी घडवणारी संस्था आहे. तेथल्या तरुण छात्रांचे तुटलेले बंध फीगिन नावाच्या सर्जनने ताबडतोब शिवले. दोन वर्षांनी पाहिले तर बहुतेक उत्तम. आनंदीआनंद! पण फीगिन आणि त्याचा सहकारी कर्ल तेवढ्यावर थांबले नाहीत. लष्करातला माणूस कोठे आहे हे लष्कराला ठाऊक असते, याचा फायदा घेऊन त्यांनी पाच वर्षांनी त्याच तरुणांना पुन्हा तपासले, आणि १९७६ साली निकाल छापला. निम्म्याहून अधिक जणांना त्याच गुडघ्यास पुन्हा इजा झाली होती, आणि जवळजवळ सर्वांचाच गुडघा कमीअधिक डळमळत होता. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे नव्याची दोन वर्षे होती. स्वतःच्या यशाला पाच वर्षांनी पुन्हा उठवून त्याची झाडाझडती घेणारे, आणि अपयश निघाले तर तेही छापणारे असे लोक कोणत्याही क्षेत्रात थोडेच असतात. त्या एका लेखाने नुसत्या शिवणाचे दिवस भरले.

पुढचा भाग मी भराभर सांगतो, कारण तो यंत्रांचा आहे. तोकियोत ताकागीने १९१८ साली मृत देहाच्या गुडघ्यात नळी घालून आत डोकावून पाहिले होते. त्याच्या परंपरेतल्या वातानाबेने १९६२ मध्ये तशाच दुर्बिणीतून पाहत फाटलेल्या गादीचा तेवढाच तुकडा काढला, बाकीची राहू दिली. १९८० साली इंग्लंडात डेव्हिड डँडीने दुर्बिणीच्या साहाय्याने बंध घातला. त्याच दशकात कार्बनच्या धाग्यांचे आणि इतर कृत्रिम बंध आले, मोठा गाजावाजा झाला. ते धागे आत झिजले, तुटले, त्यांच्या कणांनी सांधे सुजले, आणि बहुतेक सर्व मागे घ्यावे लागले. स्वतःच्या शरीरातली कंडराच बरी ठरली. ती हाडात रुजते, प्रथम दुबळी होते, मग हळूहळू बंधासारखी होत जाते. याला महिने नव्हे, वर्ष-दोन वर्षे लागतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अशी स्थिती आली की, दोरी घालण्याची विद्या साधली. लहान भोके, दोनचार दिवसांत घरी, खेळाडू पुन्हा मैदानात. मग तो जुना प्रश्न कोणीतरी पुन्हा विचारला: आणि पुढे?

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील लोहमांडर आणि त्यांचे सहकारी यांनी बारा वर्षांपूर्वी बंध तुटलेल्या स्त्री फुटबॉलपटूंना शोधून काढले. सदुसष्ट जणींची क्ष-किरण चित्रे मिळाली. १९४८ साली फेअरबँकने केले तेच काम पुन्हा, पण दोरीच्या संदर्भात. निकाल २००४ साली छापला. त्या स्त्रियांचे सरासरी वय होते एकतीस. त्यांपैकी ८२ टक्के जणींच्या गुडघ्यात क्ष-किरणांवर काही ना काही बदल दिसत होते, आणि ५१ टक्के जणींना झिजेचा संधिवात म्हणावा अशी स्थिती होती. एकतिसाव्या वर्षी! आपल्याकडे गुडघेदुखी म्हटले की नातवंडे झालेली बाई डोळ्यांपुढे येते. आणखी एक गोष्ट त्या लेखात होती, ती अनेकांना झोंबली. ज्यांनी दोरी घालून घेतली होती त्यांच्यात आणि ज्यांनी घातली नव्हती त्यांच्यात त्रासाच्या दृष्टीने ठळक फरक दिसला नाही.

यावर साहजिकच वाद झाला. मग नॉर्वेच्या संशोधकांनी २००९ साली तोवरचे सारे दीर्घ मुदतीचे अभ्यास एकत्र ताडून पाहिले. दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, नुसती दोरी तुटलेल्यांत संधिवाताचे प्रमाण शून्य ते तेरा टक्के. दोरीबरोबर गादीही गेलेल्यांत एकवीस ते अठ्ठेचाळीस टक्के. मघाशी मी गाद्या ध्यानात ठेवा म्हटले होते, ते यासाठी. शंभर वर्षे सर्वांचे डोळे दोरीवर होते, आणि पुढच्या आयुष्याचा निकाल पुष्कळसा त्या दोन चंद्रकोरी ठरवीत होत्या.

लुंडच्याच मंडळींनी आणखी एक धाडस केले. एकशे एकवीस तरुण जखमींची त्यांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. काहींवर लवकर शस्त्रक्रिया. बाकीच्यांना प्रथम व्यायामोपचार, आणि गुडघा डळमळतच राहिला तर मग शस्त्रक्रिया. २०१० साली दोन वर्षांचा आणि २०१३ साली पाच वर्षांचा निकाल आला. दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. निम्म्यांना लागलीच नाही. आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत, त्रासाच्या व झिजेच्या हिशेबाने, पाच वर्षांनी लक्षणीय अंतर नव्हते. याचा अर्थ शस्त्रक्रिया फोल आहे, असा नव्हे. गुडघा वारंवार दगा देत असेल तर ती त्याला आधार देते, आणि पुढे गादी चिरडण्याचा धोका कमी करते. कबड्डीच्या चढाईसाठी तर तिच्यावाचून बहुधा गत्यंतर नाही. ती झिजेपासून वाचवते, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

असे का व्हावे? लंडनच्या विल्यम हंटरने १७४३ सालीच रॉयल सोसायटीपुढे सांगितले होते की, सांध्याची कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा येत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून डागडुजीचे सामान तिथवर पोचत नाही. मज्जातंतू नाहीत, म्हणून ती बिघडताना ओरडतही नाही. दोरी तुटते त्या क्षणी मांडीचे हाड नडगीवर जोराने आपटते. हाडाला मुका मार बसतो, तो आज चुंबकीय चित्रात दिसतो. सांध्यात रक्त भरते, दाह होतो, तो कूर्चेला बाधतो. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येण्यापूर्वीच पुष्कळ नुकसान झालेले असते. नंतर घातलेली दोरी कितीही चांगली असली तरी मूळ बंधात असंख्य तंतू निरनिराळ्या कोनांतून ताण घेत होते; नवा बंध ते सगळे करू शकत नाही. गुडघा किंचित वेगळा वळतो, आणि आजवर ज्या जागी भार येत नव्हता त्या जागी येऊ लागतो.

या साऱ्या अभ्यासांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती इथे नोंदवून ठेवतो. गुडघा कसा आहे हे मोजण्यासाठी स्वीडनमध्ये १९८२ साली लिसहोल्म नावाची गुणपत्रिका तयार झाली, ती आजही सर्वत्र वापरतात. शंभरपैकी गुण द्यावयाचे. त्यांत उकिडवे बसता येण्याला गुण आहेत पाच! खुर्चीवर जन्म काढणाऱ्या देशात ते ठीक असेल. आपल्याकडे पंगतीला मांडी घालणे आहे, शेतात निंदणी-खुरपणी आहे, कित्येक घरांत अजून भारतीय पद्धतीचे शौचकूप आहे. पंचाण्णव गुण मिळवलेला गुडघा आपल्या शेतकऱ्याच्या घरी नापास ठरू शकतो. आपल्या माणसांच्या गुडघ्याचे दीर्घायुष्य आपल्याच रोजच्या बैठकींनी मोजले पाहिजे.

मग हातात काय उरते? थोडे आहे, पण ते खरे आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूचे बळ पूर्ववत येईपर्यंत घाई न करणे, हे पहिले. नॉर्वे आणि अमेरिका येथील रोग्यांच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणे जितके पुढे ढकलावे, तितका पुन्हा इजेचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने उतरत जातो. त्याच वर्षी एकत्र ताडलेल्या अभ्यासांत, पंचविशीच्या आतले जे खेळाडू पुन्हा खेळावयास उतरले त्यांपैकी तेवीस टक्क्यांच्या त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यातला बंध पुन्हा तुटलेला आढळला. वजनाचेही तसेच. स्थूल वृद्धांवर अमेरिकेत झालेल्या, २००५ साली छापलेल्या अभ्यासाप्रमाणे, अंगावरचे एक किलो उतरले की पावलागणिक गुडघ्यावरचे चार किलो उतरतात. आणि गादी फाटली असेल, पण शिवता येण्याजोगी असेल, तर ती शिवावी. ॲनंडेलने खाणकामगारासाठी केले तेच. सर्जन आज पुन्हा तिथेच येऊन पोचले आहेत.

हे सगळे वाचून झाल्यावर मी पुन्हा शेजारी गेलो आणि त्या मुलाला विचारले, “तुझी गादी शिवली का काढली?” त्याला ठाऊक नव्हते. वडिलांनाही नाही. कपाटातून इस्पितळाची फाईल काढली. बिले वर होती, चित्रे खाली. मधल्या एका कागदावर, शस्त्रक्रियेच्या टिपणात, इंग्रजीत एक ओळ होती: आतल्या बाजूची गादी फाटलेली, मागचा भाग छाटला. पोराने ती ओळ दोनदा वाचली. त्याच्या उत्तरायुष्याबद्दलची सर्वांत मोलाची बातमी सहा महिने त्या कपाटात पडून होती. इस्पितळाचा दोष म्हणावा तर त्यांनी कागद दिलाच होता. वडील म्हणाले, “अहो, पण हे आधी कोणी बोलले का नाही?” मी काय सांगणार! मुलाने त्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवले आणि मला विचारले, “काका, मग दर वर्षी दाखवायला जायचं का?” मी म्हटले, ते डॉक्टरांना विचार, पण जाशील तेव्हा हा कागद घेऊन जा, आणि ते जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेव.

नॉर्वेने २००४ पासून, आणि स्वीडन व डेन्मार्क यांनी २००५ पासून, आपल्या देशात घातल्या जाणाऱ्या अशा दोऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. कोणाच्या गुडघ्यात, कोणत्या वर्षी, कोठून घेतलेली कंडरा, गादीचे काय केले, पुन्हा शस्त्रक्रिया लागली का, असे सगळे त्यात उतरते. पहिल्या पानांवरची विशीतली माणसे आता चाळिशी ओलांडीत आहेत. त्यांच्या पन्नाशीचा हिशेब त्या वह्यांतून लवकरच बाहेर येऊ लागेल. शेजारच्या मुलाची पन्नाशी यावयास अजून अठ्ठावीस वर्षे आहेत. त्याने एक शंभर पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावर शस्त्रक्रियेची तारीख आहे, खाली त्या इंग्रजी ओळीचे मराठी आहे, आणि त्याखाली परवा डॉक्टरांनी टेपने मोजलेला दोन्ही मांड्यांचा घेर. डावी अजून दीड सेंटिमीटरने कमी आहे.